आधी खोबरेल, मग राख

"जाड लावा, वन्सं," शेवंती म्हणाली. "पातळ लावलास तर ता चाटून टाकतला आणि परत पितला."

मागच्या दारच्या पायरीवर ती बसली होती. पोलक्याची बटणं सोडलेली आणि तोंड विहिरीकडे. मी पाट्यावर किराईताचा ओला पाला वाटत होते. त्याचा हिरवागार गोळा झाला, तसा मी तो बोटांनी उचलला आणि तिच्या छातीला दोन्हीकडे थापला. गार लागल्याबरोबर ती शहारली.

"तेका काय होवचा नाय मां?"

"काय होता? उलट पोटातले जंत पडतले," मी म्हटलं.

ती हसली. हसता हसता खोकला आला आणि तिनं पदर तोंडाला लावला.

शेवंती माझी भावजय, धाकट्या भावाची, दत्तूची बायको. वय तेवीस. तिची मुलगी सुरंगी वीस महिन्यांची होती आणि अजून अंगावर पीत होती. आदल्या दिवशी डॉक्टरांनी छातीचा फोटो काढून सांगितलं होतं, फुप्फुसाला डाग आहे, वर्षभर तरी क्षयाच्या दवाखान्यात राहावं लागेल, पोरीचं दूध आजच्या आज बंद करा. दत्तू एसटीवर ड्रायव्हर, त्याला तीन दिवसांची रजा होती. तीन दिवसांत पोरीला अंगावरून तोडायचं होतं आणि आमच्या कुडाळकडच्या गावांत त्याला एकच उपाय होता.

किराईत ज्यांनी तोंडात घातलेलं नाही त्यांना काय सांगू! त्याच्यापुढे कारलं म्हणजे मिठाई. आमच्या घराला त्याचं नाव होतं. हिवताप आला, पोराच्या पोटात जंत झाले, अंगाला खाज सुटली, कावीळ उतरेना, बाळंतिणीला भूक लागेना, की लोक आमच्या आईकडे येत. दसऱ्यानंतर झाड फुलावर आलं की ती ते मुळासकट उपटायची, जुड्या बांधून वळचणीला उलट्या टांगायची आणि वर्षभर पुरवायची. पैसा कधी घेतला नाही. आई गेली तेव्हा मी सासरहून परत आलेली होते. आठ वर्षं पाळणा हलला नाही म्हणून नवऱ्यानं दुसरी आणली आणि मला बापाच्या दारात आणून सोडलं. मग गावातले ताप माझ्याकडे यायला लागले. मूल सोडून सगळ्यावर आमच्या घरात औषध होतं.

लेप लावून झाला तशी मी विहिरीवर गेले, हाताला खोबरेल चोळलं, मग चुलीतली राख, आणि हात धुतले. शेवंतीचं लक्ष नव्हतं. सुरंगी दुडूदुडू धावत तिच्याकडे येत होती.

पोर सवयीनं मांडीवर चढली, पदर बाजूला केला आणि तोंड लावलं. पुढच्याच क्षणाला ती मागे झाली. रडली नाही. आईच्या तोंडाकडे बघत राहिली, जणू आईनं काहीतरी चुकून केलंय आणि आता ती ते नीट करणार आहे. मग दुसऱ्या बाजूला तोंड लावलं. तिथंही तेच. तेव्हा तिनं आईच्या छातीवर एक चापट मारली आणि मोठ्यानं भोकाड पसरलं.

"घेवा तेका," शेवंती म्हणाली. "माझ्या हातात ऱ्हवला तर मी पुसून टाकीन."

तीन दिवस असंच चाललं. तिसऱ्या दिवशी पोर आईच्या मांडीवर बसेना. दुपारी रडून रडून ती माझ्या कुशीत झोपली, एक मूठ माझ्या पोलक्यात अडकवून. माझ्या कुशीत कोणी झोपण्याची ती पहिली वेळ. पायांना मुंग्या आल्या तरी मी हलले नाही. बाजूला शेवंती आपली पिशवी भरत होती. तिला त्या वेळी काय होत असेल हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. मी सुखात होते, आता लपवून काय करायचंय.

चौथ्या दिवशी आम्ही तिला एसटीवर पोचवायला गेलो. सुरंगी माझ्या कडेवर होती. गाडीचा भोंगा वाजला तशी तिनं टाळ्या पिटल्या. शेवंती खिडकीतून वाकली.

"बरा झाला, वन्सं. रडाक नाय," ती म्हणाली आणि पदर तोंडावर घेतला. तो तिला तसाही घ्यावाच लागायचा.

त्यानंतर तेरा महिने सुरंगी माझी होती. माझ्या हातची पेज, माझ्या हातचं न्हाणं, माझ्याच हातून दर रविवारी चमचाभर किराईताचं पाणी आणि वर गुळाचा खडा. ती बोलायला लागली तेव्हा आधी मला 'आते' म्हणायची. एक दिवस दारापुढच्या खळ्यात खेळता खेळता तिनं हाक मारली, "आये!" मी इकडेतिकडे बघितलं, कोणी ऐकलं तर नाही ना. मग ओ दिली.

दवाखान्यातून शेवंतीची कार्डं यायची. कोणीतरी नर्स लिहून द्यायची. 'सुरंगी माझी आठवण काढते का?' एवढं एक वाक्य दर कार्डात असायचं. मी सातवी पास, उत्तर मीच लिहायचे. 'पोर खुशाल आहे.' त्यात खोटं काही नव्हतं.

मार्गशीर्षात ती बरी होऊन आली. थुंकीत आता काही नाही, असं दवाखान्यानं लिहून दिलं होतं. अंगानं भरली होती, केस मात्र पातळ झाले होते. सुरंगी माझ्या मागे लपली आणि लुगड्याच्या निऱ्यांमधून बघत राहिली. शेवंतीनं तिला ओढलं नाही, हाक मारली नाही. ओटीवर बसली, पिशवीतून जत्रेतले खडखडे लाडू काढले, एक तळहातावर ठेवला आणि दुसरीकडे तोंड करून दत्तूशी बोलत राहिली. मांजराचं पिल्लू जवळ यावं म्हणून करतात तसं. बऱ्याच वेळानं पोर हळूच पुढे झाली, लाडू उचलला आणि पळाली. शेवंतीनं वळून बघितलं नाही, पण तिचे डोळे भरून आलेले मला दिसले.

चौथ्या दिवशी सुरंगी तिच्या हातून पेज जेवली. सहाव्या दिवशी तिच्या कडेवर बसून विहिरीवर गेली. तिथून दोघींचं हसू मला चुलीपाशी ऐकू आलं. माझ्या हातातली फुंकणी तशीच राहिली आणि चूल विझली.

दत्तू आत आला. भाऊ माझा भला माणूस. त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं.

"अक्का, आता तू सुटलंस," तो म्हणाला. "वरीसभर आमच्या पोरापायी अडकान पडलंस. घाटावरच्या डेपोत माका खोली मिळतली. शिगम्यानंतर ह्या दोघांका घेवन जातंय."

मी म्हटलं, "बरा झाला." मग परत चूल पेटवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेवंतीला जवळ बसवलं आणि तिच्या डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून बघितल्या.

"पिवळसर दिसतत. दवाखान्याच्या गोळ्यांची उष्णता आंगात बसली हा," मी म्हटलं. "किराईत घी. रोज सकाळी, अनशापोटी."

"तुमी सांगशात तसा, वन्सं."

"बावीकडच्या वाफ्यातलो मूठभर पालो घेवचो. पाट्यार वाटूचो नाय, दगड लागलो की गुण जाता. हातान चुरूचो, दोनय हातांनी, आणि रस पिळून घेवचो."

तिनं अगदी तसंच केलं. रोज पहाटे विहिरीकडच्या वाफ्यापाशी बसून तळहातांत पाला चुरायची, रस वाटीत पिळायची, नाक दाबून प्यायची, हात साबणानं धुवायची आणि जोडून कपाळाला लावायची. आणि औषध लागू पडलं, ते नाकारून कसं चालेल? आठवड्यात तिला कडकडून भूक लागायला लागली, अंगाची खाज गेली, झोप लागायला लागली.

"तुमच्या हाताक गुण आसा," ती मला म्हणाली.

चुलीकडे मी तिला फिरकू देत नव्हते. बस, आराम कर, म्हणायचे. वाडीतल्या बायका एकमेकींना सांगायच्या, नणंद असावी तर अशी.

औषध सुरू होऊन दोन दिवस झाले असतील. शेवंती खळ्यात सुरंगीला पेज भरवत होती. पोरीनं घास घेतला, तोंड वाकडं केलं आणि सगळं थुंकून टाकलं.

"कडू!"

शेवंतीला आधी हसूच आलं. "पेज खंय कडू आसता काय गो?" तिनं दुसरा घास पुढे केला. सुरंगीनं ओठ घट्ट मिटले. दुपारी शेवंतीनं केळं सोलून दिलं, तेही थुंकलं. संध्याकाळी पदराऐवजी बोटांनी पोरीचं तोंड पुसलं, तर पोर ओठ चाटून रडत सुटली आणि माझ्या पायांना येऊन मिठी मारली. मी तिला उचललं. गुळाचा खडा दिला. तो तिनं खाल्ला.

शेवंतीनं उरलेली पेज स्वतः चाखून बघितली.

"माका तर कायच कळना नाय," ती म्हणाली. "गोळ्यांनी तोंडाची चवच गेली. साकर खाल्लंय तरी कडू लागता." मग म्हणाली, "तेच्या मनातच ऱ्हवला हां ता. त्या तीन दिसांचा कडू."

मी सुपात तांदूळ निवडत होते. "पोरांका विसराक वेळ लागता," मी म्हटलं.

आठ दिवसांत अशी वेळ आली की शेवंतीनं हात पुढे केला की पोर पळायची. दत्तूचं डोकं तडकलं. एकदा त्यानं सुरंगीला धरून जबरदस्तीनं आईच्या मांडीवर बसवलं. पोर आईच्या हाताला कडकडून चावली आणि चावल्यावर आणखीच किंचाळली. तेव्हापासून तिनं आईला नाव ठेवलं, कडू आये. मी नुसती आये, आणि ती कडू आये. वाडीतल्या लोकांना त्याची गंमत वाटायची. शेवंती त्या हाकेलासुद्धा ओ द्यायची.

पुढे पुढे तिनं हात लावणंच सोडलं. ताटली पुढे सरकवायची आणि लांब बसून बघायची. खेळताना पोर तिच्याजवळून गेली तर हात मागे बांधून घ्यायची, चुकून लागू नये म्हणून. किराईत मात्र तिनं चुकवलं नाही. लवकर ताकद यावी, पोरीमागे धावता यावं, म्हणून ती आता दोन मुठी चुरत होती.

फाल्गुनात तिचा खोकला परत आला. एका सकाळी तिनं पदर मुठीत लपवला, पण मला लाल डाग दिसला. दत्तूनं दुसऱ्या दिवशीची गाडी ठरवली. घाटावरची खोली तशीच राहिली.

निघायच्या दिवशी सकाळी मी चुलीपाशी होते. शेवंती दारात येऊन उभी राहिली. त्या दिवशी ती वाफ्याकडे गेली नव्हती.

"वन्सं, खोबरेल खंय आसा?"

मला वाटलं, केसांना हवं असेल. मी कोनाड्याकडे बोट दाखवलं. तिनं बाटली घेतली, तळहातावर तेल ओतलं आणि दोन्ही हात चोळले. बोटांच्या बेचक्यांत चोळलं, नखांच्या खाली चोळलं. मग चुलीपाशी वाकून मूठभर राख घेतली. माझ्याकडे बघितलं नाही. विहिरीवर जाऊन तिनं हात धुतले, परत राख लावली, परत धुतले.

माझ्या हातातला डाव पेजेत पडला.

ती वाटीत मऊ भात आणि गूळ घेऊन खळ्यात बसली. "सुरंगे," तिनं हाक मारली. पोर चार हात लांब उभी राहिली, पुढे येईना. शेवंतीनं हात लांब करून एक शीत तिच्या ओठाला लावलं आणि हात मागे घेतला. सुरंगीनं ओठ चाटला. थांबली. परत चाटला. मग एक पाऊल पुढे आली आणि तोंड उघडलं.

पूर्ण वाटी जेवली ती. खोकला आला की शेवंती तोंड लांब फिरवायची, पदरात खोकायची, मग पुढचा घास. शेवटी तिनं बोटांनी पोरीचं तोंड पुसलं, आणि पोर तिच्या गुडघ्यावर डोकं टेकून बसली. शेवंतीचा हात तिच्या केसांवर गेला, दोन महिन्यांनी पहिल्यांदा.

रिकामी वाटी घेऊन ती आत आली.

"परवा तुमका बावीर बघलंय, हात धुताना," ती म्हणाली. "आदी त्याल, मगे राख. मगे मी माझे हात सुरंगेच्या खेळातल्या बावलेक पुसलंय आणि ती बावली तिच्या हातात दिलंय. तोंडात घातल्यान आणि फेकून दिल्यान."

मी चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

"पयला कडू माझ्या सांगण्यान लावलास, वन्सं. दुसरा कोणाच्या सांगण्यान?"

किराईताचा कडूपणा पाण्यानं जात नाही, साबणानंही जात नाही. आधी खोबरेल, मग राख. आईनं मला औषध शिकवलं तेव्हा सगळ्यात आधी हे शिकवलं होतं, नाहीतर दिवसभर ज्याला हात लावशील ते कडू होईल, म्हणाली होती. दगड लागला की गुण जातो, असं आई कधीच म्हणाली नव्हती. ते माझं होतं. शेवंतीला औषधाची गरज होती, हे खरं. मी तिला औषध दिलं, हेही खरं. फक्त हात धुवायचे कसे, तेवढं सांगितलं नाही.

मी तिचे पाय धरायला वाकले. ती मागे सरकली.

"पाय धरू नकात. माका अजून पोर तुमच्याच वटीत घालूचा आसा," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं. "मी परत येतलंय काय नाय, म्हायत नाय. तेका दुसरा कोण आसा? तुमी जीव लावलास, ता काय माका दिसाक नाय? पण एक करा. मोठा झाला की तेका सांगा. तुजी आवस कडू नाय होती म्हणान. इतक्याच."

"सांगतंय," मी म्हटलं. "शपथ घेवन सांगतंय."

या वेळी गाडी सुटली तेव्हा सुरंगी रडली. "कडू आये, कडू आये," करत माझ्या कडेवरून गाडीकडे झेपावत होती. खिडकीतून शेवंतीनं हात बाहेर काढला होता, पोचणार नव्हता तरी. गाडी वळणावर जाईपर्यंत तो हात तसाच बाहेर होता.

ज्येष्ठात कार्ड आलं. दत्तू जाऊन तिकडेच सगळं उरकून आला. सुरंगीनं चार-आठ दिवस विचारलं, कडू आये कुठे गेली. मग विचारायची थांबली. त्या वयाच्या पोरांना पुढे काही आठवत नाही.

मी विहिरीकडचा वाफा उपटून टाकला आणि औषध देणं बंद केलं. लोक येऊन परत गेले, नावं ठेवून गेले. पण किराईत असं जात नाही, बी पडलेलं असतं. दर पावसाळ्यानंतर ते आपलं आपण उगवतं.

छप्पन्न वर्षं झाली. सुरंगी शाळामास्तरीण होती, आता घरीच आहे. मी त्र्याऐंशीची. मला साखरेचा आजार आहे आणि हात इतके थरथरतात की घास तोंडापर्यंत पोचत नाही. सुरंगीला कोणीतरी सांगितलं, साखरेवर किराईत चांगलं. डॉक्टरांना विचारून ती रोज सकाळी विहिरीकडे जाते, पाला खुडते आणि तळहातांवर चुरते. मिक्सर आहे घरात, तरी हातानंच. मग साबणानं हात स्वच्छ धुते, माझ्याजवळ बसते आणि भात कालवून मला भरवते.

प्रत्येक घास कडू असतो. खोबरेल आणि राखेचं तिला कोणी सांगितलेलं नाही. सांगणारी मी एकटीच उरले आहे आणि ते सांगायचं तर बाकीचंही सांगावं लागेल.

"आये, कडू लागता काय गो?" ती रोज विचारते.

रोज मी सांगायला तोंड उघडते. तिला वाटतं, घास हवाय.